हळदीचा कोपरा

अन्याय झाला तो पेठ तालुक्यातल्या एका आईवर. कधी, तेही सांगते. पत्रकाच्या पहिल्या ओळीत कोण आणि कधी हे आलंच पाहिजे, असं मला शिकवलेलं आहे. यंदाच्या होळीच्या आदल्या दिवशी, दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी. त्या वेळेला राज्यातल्या एका मोठ्या तुरुंगात, टपाल तपासायच्या टेबलावर कुणीतरी कात्री उचलली आणि ही बाई तिच्या मुलापुरती मारून टाकली.

बाई जिवंत आहे. परवाच तिच्या हातची नागलीची भाकर आणि उडदाचं पिठलं खाऊन आले. पिठल्यात मीठ कमी होतं. तसं म्हटलं तर म्हणाली, "मेलेल्या बाईच्या हातचं असंच असतं, बाय. गिळ."

तुरुंगाचं नाव लिहीत नाही. तिची पुढची पत्रं तिथंच जायची आहेत. मुलानं काय केलं तेही लिहीत नाही. लिहिलं की तुम्ही पत्राचं सोडाल आणि त्याच्याच मागं लागाल. 'मग बरोबरच आहे' म्हणून मोकळे व्हाल. मला माहीत आहे, माझ्या घरातले झाले. त्याला न्यायालयानं शिक्षा दिली, ती तो भोगतो आहे. निकालपत्र मी दोनदा वाचलं. आईचं मरण त्या शिक्षेत कुठंही धरलेलं नाही.

मी नाशिकची. शहरातल्या एका वसाहतीत वाढले, वडील एका कार्यालयात कारकून. आम्ही सात-आठ जण मिळून पत्रकं लिहितो, छापतो आणि वाटतो. पंचवटीत पेठ नाक्यावर सकाळी मजुरांची गर्दी होते. पेठ, सुरगाण्याकडून आलेली माणसं अंथरुणाच्या वळकट्या आणि पातेली घेऊन बसलेली असतात, टेम्पो येतात, मुकादम माणसं निवडतात आणि पिंपळगावकडं द्राक्षाच्या कामाला घेऊन जातात. दोन वर्षांपूर्वी, छाटणीच्या दिवसांत, मी तिथं मजुरीच्या दराचं पत्रक वाटत होते. ही बाई वळकटीवर बसली होती. मी पत्रक दिलं. तिनं ते उलटं केलं, मागची कोरी बाजू बघितली आणि खूश झाली.

"चांगला कागद हाय. लिवता येतं ना तुला?"

"मावशी, लिहिलेलंच आहे की. पुढच्या बाजूला. तुमच्या मजुरीबद्दल."

"ते असू दे. हिकडं लिव. माझ्या पोऱ्याला."

मुलगा कुठं आहे हे तिनं आवाज खाली न आणता सांगितलं. आजूबाजूचे दोघे-तिघे उगाचच टेम्पोकडं बघायला लागले. फोनची सोय आहे म्हणतात तुरुंगात, मी विचारलं. आहे, पण नंबर आधी पोलिसांकडून तपासून यावा लागतो. हिच्या घरातलं सिम दिराच्या नावावर, दीर गुजरातेत ऊसतोडीला, त्यामुळं तो अर्ज कुठंतरी पडून होता. भेटायला जायचं तर तीन जिल्हे ओलांडून जायचं आणि दोन दिवसांचा रोज बुडवायचा. उरलं पत्र. मुलगा सातवी शिकलेला, त्याला वाचता येत होतं. हिला लिहिता येत नव्हतं. मुलगी शाळेत गेली होती, पण ती लिहायला बसली की रडायला लागायची आणि कागद भिजायचा, असं मावशीचं म्हणणं.

तर मी लिहिलं. तिथंच, गुडघ्यावर कागद ठेवून, तिच्या हट्टापायी पत्रकाच्या पाठीवर. तुरुंगाचा पत्ता आणि मुलाचा बंदी क्रमांक तिला तोंडपाठ होता, देवाचं नाव घ्यावं तसा तिनं सांगितला. मला वाटलं, काय बिघडतं? महिनाभरानं पाकीट परत आलं. कारण एका शब्दाचंही नव्हतं. मग मी कागद उलटा करून पुढची बाजू वाचली. ठळक अक्षरांत आमचंच वाक्य होतं: 'मजुरांनो, आता गप्प बसू नका!'

वडील हसता हसता खोकायला लागले. "तुरुंगात 'गप्प बसू नका' पाठवलंस? अगं, तिथं गप्प बसण्याशिवाय बाकी कामच काय असतं?"

दुसरं पत्र कोऱ्या कागदावर गेलं. तेही मीच बिघडवलं. मावशीनं सांगितलं, 'जेवतोस का, विचार.' मी लिहिलं, 'तिथलं अन्न माणसानं खाण्याजोगं असतं का, हे निर्भयपणे कळव.' ती म्हणाली, 'कुणी मारत-बिरत तर नाय ना?' मी त्यावर तीन ओळी लिहिल्या, दोन उद्गारचिन्हांसह. पत्र पोचलं, त्या तीन ओळींवर काळी शाई फासून पोचलं. उलट टपाली त्याचं कार्ड आलं. त्यात सगळ्यात आधी हे: 'आईचं पत्र मिळालं. तीन ओळी काळ्या आहेत. आईला काय झालं आहे का? खरं सांगा.'

तेव्हाच मला कळायला हवं होतं. आत बसलेल्या माणसाला पत्रात भोक दिसलं की तो त्यात चांगलं काही भरत नाही.

मग मी माझी भाषा बाजूला ठेवली. मावशी बोलायची, मी तेवढंच लिहायचे. ते कठीण होतं, खोटं कशाला सांगू. 'कोंबडी खुडूक बसलीय, अकरा अंडी ठेवलीत, दोन वाया जातील असं वाटतं.' 'मोहाच्या झाडाखाली आता शेजारचा गाडी लावतो, तू आल्यावर त्याला सांग.' 'बहिणीनं केस कापले, मी बोलले नाही.' यातलं एकही वाक्य पत्रकात आलं असतं तर मी खोडलं असतं. पण या पत्रांवर कुणी शाई फासली नाही आणि त्याची कार्डं येत राहिली. त्या दोन अंड्यांचं पुढं काय झालं, हे त्यानं चार महिन्यांनी विचारलं होतं.

पत्र पेटीत टाकायचं काम मावशी मला करू द्यायची नाही. पेटीच्या तोंडातून हात आत घालून ते खरंच खाली पडलं का, हे चाचपून बघायची. एकदा तिची बांगडी अडकली. मागं रांग लागली. एक जण म्हणाला, "आजी, काढताय का टाकताय?" तर ही हात तसाच आत ठेवून म्हणाली, "तुला काय, तुझं पत्र फोनात जातं."

आता ते पत्र.

यंदा माघात तिच्या मुलीचं लग्न ठरलं. वैशाखातली तारीख निघाली. मावशी तेव्हा पिंपळगावला पॅकहाउसमध्ये होती. द्राक्षाचा घड हातात घ्यायचा, बारीक कात्रीनं खराब मणी काढायचे आणि घड पुढं सरकवायचा, हे काम. जेवणाच्या सुट्टीत मी तिला गेटबाहेर गाठलं. उलट्या क्रेटवर कागद ठेवला आणि लिहायला घेतलं. तिला खूप सांगायचं होतं. मुलगा कुठला, काय करतो, त्याला दारू नाही, सासू जरा तोंडाळ आहे पण मनानं बरी आहे, मांडव कुठं घालायचा. आणि शेवटी: 'तुला सुट्टी मागता येत असंल तर माग. एका दिवसाची दिली तरी ये. भावाशिवाय ती उभी राहायची नाय म्हणते.'

मी सगळं एका कागदात बसवलं. सवय. आम्ही पत्रकाला समास सोडत नाही. कागद महाग, म्हणणं मोठं. चारही बाजूंनी काठापर्यंत अक्षरं गेली.

लिहून झालं तशी मावशीनं कंबरेची पुडी काढली. हळद.

हे दोन्ही रिवाज मला घरातून माहीत होते, तुम्हालाही असतील. शुभकार्याच्या पत्राच्या कोपऱ्यांना हळद लावतात. आणि मयताचं पत्र असेल तर त्याचा कोपरा फाडलेला असतो. कोपरा फाटलेलं पत्र उंबऱ्याच्या आत आणायचं नाही. बाहेर उभं राहून बघायचं, तिथंच फाडायचं आणि अंघोळ करून घरात यायचं. माझे आजोबा टपाल हातात आलं की आधी कोपरे बघायचे, मग अक्षर.

मावशीनं कागद फिरवून बघितला. "हा कागद हाय का पेठची एस.टी.? बोट टेकायला जागा नाय कुठं."

"हा एक कोपरा मोकळा आहे बघा, तुमचं नाव लिहिलं त्याच्या बाजूला."

"चारी कोपऱ्यांना लावतात."

"अक्षरं पुसतील मावशी. एकाला लावा. पोचलं म्हणजे झालं."

तिनं बोट ओलं केलं, हळदीत बुडवलं आणि त्या एका कोपऱ्याला चांगलं गिलावा केल्यासारखं लावलं. मुलाला लांबून दिसायला पाहिजे, म्हणाली. माझ्या बोटांनाही लागली. दोन दिवस जात नव्हती.

त्यानंतर कार्ड आलं नाही. होळी आली, पॅकहाउसच्या बाया आठ दिवसांसाठी पाड्यावर गेल्या. मला वाटलं, रजेचा अर्ज करण्यात गुंतला असेल.

होळीनंतर बाराव्या की तेराव्या दिवशी मावशीच्या मुलीचा फोन आला. टेकडीवर चढून रेंज पकडून लावला होता.

"ताई, पोलीस आला व्हता."

"कशाला?"

"आई मेली का, बघायला."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.नं मी पेठला गेले आणि तिथून जीपनं पाड्यावर. मावशी ओट्यावर बसली होती, चांगली धडधाकट. तिनं सगळं नकला करून सांगितलं.

"मी अंगणात नागली पाखडत व्हते. हा दारात आला. हातात कागद. म्हणला, 'मयत बाईचं घर हेच का?' मी म्हणलं, 'कोण मयत?' त्यानं कागदात बघून माझंच नाव वाचलं, बापाच्या नावासकट. मी म्हणलं, 'ती तर मीच.' दोन पावलं मागं गेला गं तो!"

"आई, चहाचं सांग," मुलगी आतून म्हणाली.

"चहा दिला त्याला. बिनदुधाचा."

"आधी कपात बघितलं त्यानं. मग प्याला."

दोघी हसत होत्या. मलाही हसू आलं. मग मावशीनं सांगितलं की त्या पोलिसानं तिचा जबाब लिहून घेतला. 'मी जिवंत असून माझा मृत्यू झालेला नाही.' खाली अंगठा. सरकारनं जिवंत असल्याचा दाखला फुकट दिला म्हणून ती खूशच होती. पोलीसही भला माणूस असावा. जाताना म्हणाला, 'मावशी, तुमच्या मुलानं आई वारली म्हणून तातडीची रजा मागितली आहे. असं करू नये. त्याला सांगा.'

ती हसायची थांबली ती इथं. "तो असा खोटं बोलणार नाय, बाय. दुसरं काय पण करंल. माझ्या मरणावर सुट्टी मागणार नाय."

तिनं तसं म्हटलं तेव्हाही मला कळलं नव्हतं. मी मनात त्याला शिव्या दिल्या, हे इथं लिहून ठेवते.

मुलाखतीला आम्ही दोघी गेलो. दारावरच्या टेबलापाशी आधार कार्डं दिली. त्यांनी माझं नातं विचारलं. मावशी म्हणाली, "पत्र लिवते." टेबलामागचा म्हणाला, "हे नातं होत नाही." "मग काय लिवायचं ते लिवा, तिच्याबिगर मी आत जात नाय." त्यानं 'मैत्रीण' लिहिलं. कुणाची, ते लिहिलं नाही.

काच असते आणि दोन्हीकडं फोन असतो. मुलगा आला तो तुळतुळीत डोकं केलेला. त्याला फक्त एवढंच सांगितलं होतं की मुलाखत आली आहे. बहीण असेल म्हणून तो आला होता. त्यानं काचेतून बघितलं आणि तिथंच उभा राहिला. मावशीनं फोन उचलला आणि बोलायला लागली. त्यानं उचललाच नव्हता, त्याला काही ऐकू येत नव्हतं. हिनं काचेवर टकटक केलं, फोनकडं बोट दाखवलं. मागून शिपाई ओरडला, काच वाजवू नका.

मग त्यानं फोन उचलला. मावशीच्या फोनला मीही कान लावून ऐकत होते.

"डोकं कशाला भादरलंस?"

त्यानं डोक्यावरून हात फिरवला.

"तुझ्यासाठी," म्हणाला.

"मी काय मेले व्हते?"

"कोपरा फाटलेला व्हता."

"कसला कोपरा?"

"पत्राचा. मी वाचलं नाय. धीरच झाला नाय. बराकीच्या दारातच फाडलं आणि न्हाणीत सोडलं. मागच्या टायमाला तू खोकत व्हतीस. बहीण तर तरणीताठी. मग दुसरं कोण असणार?"

मावशीनं मान वळवली आणि माझ्याकडं बघितलं. तिला आणि मला दोघींनाही एकदमच समजलं. चार कोपऱ्यांना हळद असती तर चारही कापले असते, आणि चारी कोपरे गेलेलं पत्र बघून त्याला नवल वाटलं असतं, त्यानं ते वाचलं असतं. एकच कोपरा मोकळा होता, त्यालाच हळद लागली होती. तेवढाच कापला गेला. बाकीचा कागद मी भरून टाकला होता.

त्याचं बोलणं चालूच होतं. बराकीतल्या एकानं सांगितलं तसं त्यानं दहाव्या दिवशी जेवणातला भाताचा घास भिंतीवर ठेवला होता.

"कावळा लगेच शिवला, आई. ठेवला न ठेवला तोच. मला वाटलं, बरं झालं, तुझं मागं काय राहिलं नाय. माझ्यात पण काय राहिलं नाय."

"मेलं खादाड असंल ते कावळं," मावशी म्हणाली.

आणि मग तो काचेपलीकडं हसला, आणि हसता हसता त्याचं तोंड वाकडं झालं, आणि मावशीनं मुलीच्या लग्नाचं सांगायला सुरुवात केली: मुलगा कुठला, काय करतो, त्याला दारू नाही, सासू जरा तोंडाळ. सगळं पत्र तिनं पहिल्यापासून म्हणून दाखवलं. वेळ संपल्यावर फोन आपोआप बंद पडला. ती तशीच बोलत होती. मांडव कुठं घालायचा, ते राहिलं.

तुम्हाला वाटेल, चला, उलगडा झाला, सुटलं. मलाही तसंच वाटलं होतं. त्यानं आतून बहिणीच्या लग्नासाठी रजेचा अर्ज केला. आम्ही बाहेरून लग्नपत्रिका आणि सरपंचाचा दाखला जोडला. नामंजूर. कारण असं की, या बंद्यानं यापूर्वी जवळच्या नातेवाइकाच्या मृत्यूची खोटी माहिती देऊन रजा मागितलेली आहे. पुरावा काय? मयत म्हणून दाखवलेल्या बाईचा, ती जिवंत असल्याचा जबाब. खाली अंगठा.

तिच्याच अंगठ्यानं तिचा मुलगा खोटारडा ठरला. आणि हा शेरा एका अर्जापुरता नाही. तो त्याच्या कागदांना चिकटला आहे, पुढच्या प्रत्येक रजेच्या वेळी तो सगळ्यात वर दिसणार आहे.

लग्न वैशाखात झालं. मुलगी उभी राहिली. उभं राहावंच लागतं. भावाच्या जागेवर दिराचा मुलगा उभा केला. मावशी दिवसभर पाहुण्यांना वाढत होती. मी तिला म्हटलं, बसा जरा. म्हणाली, "बसले की लोकं विचारतात."

दरम्यान मी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला होता, मावशीच्या नावानं. वडिलांनी तो तपासून दिला. माझ्या मसुद्यातली 'अमानुष', 'निर्दय' आणि 'संतापजनक' ही तिन्ही विशेषणं त्यांनी काढून टाकली आणि म्हणाले, "आता उत्तर येईल." आलं, पाऊस लागल्यावर. ते घेऊन मी पाड्यावर गेले. भाताची आवणी चालू होती. मावशी खाचरात गुडघाभर चिखलात, मी बांधावर, कागद छत्रीखाली धरून मोठ्यानं वाचत होते.

पत्र अमुक दिवशी आवक झालं. तो होळीचा आदला दिवस. तपासणीची वेळ दुपारी तीन वाजून दहा मिनिटं. पत्राच्या एका कोपऱ्यास संशयास्पद पिवळसर पदार्थ आढळल्याने तो भाग सुरक्षेच्या कारणास्तव कापून वेगळा करण्यात आला. उर्वरित पत्र बंद्यास विनाविलंब देण्यात आले.

"विनाविलंब म्हंजे?"

"लगेच."

"हां. तेवढं चांगलं केलं त्यांनी," मावशी म्हणाली आणि रोपांची दुसरी जुडी सोडली.

तपासायचं नाही असं माझं म्हणणं नाही. तुरुंग आहे, तपासा. पत्रातून नशेची पावडर येते, तेही मला माहीत आहे. पण कापलं तर कागदावर चार शब्द लिहा: कोपऱ्याला पिवळं होतं, आम्ही कापलं. शिक्का तर मारताच ना तपासलं म्हणून? त्या शिक्क्याखाली एवढी ओळ लिहायला किती शाई लागते? तीन ओळी काळ्या करायला लागते त्याहून कमी. आणि त्या टेबलावर बसणारा माणूस परदेशातून आलेला नाही. त्याच्याही बहिणीच्या लग्नाच्या पत्रिकेला हळद लागलेली असणार. त्याला हळद ओळखता आली नाही, हे मी मानायला तयार नाही. त्यानं बघितलंच नाही, हे मानते.

मावशीनं हे माझ्यापेक्षा बरं सांगितलं. कंबर सरळ करून, चिखलाचे हात बाजूला धरून म्हणाली, "पॅकहाउसात आम्ही पण कात्रीच चालवतो. सडका मणी काढायचाच असतो. पण आधी घड हातात धरून फिरवून बघायचा, मग कात्री लावायची. न बघता लावली तर मुकादम त्याच दिवशी घरी धाडतो. त्यांना मुकादम नाय का?"

मी म्हटलं, "मावशी, मी काय करते, माहीत आहे? शंभर जणांना सांगते. सगळ्यांनी अधीक्षकांना पत्र पाठवायचं, साधं, कोपरा फाडून. रोज दहा पत्रं, कोपरा फाटलेली. बघू दे त्यांनाही उघडताना काय होतं ते."

मला ही कल्पना फार आवडली होती. एस.टी.त येतानाच मी तिचं पत्रक मनात लिहून टाकलं होतं.

मावशी एकदम चिडली. दोन वर्षांत पहिल्यांदा. "असलं कुणाच्या दारात धाडतात का? ज्याच्या हातात पडंल त्याची पण आयस असंल कुठं. तो पण आधी तिलाच फोन लावंल. माझ्या नावानं असलं काय करू नको. सांगून ठेवते."

तिनं पाठ फिरवली आणि परत वाकून रोप लावलं.

तर आता तुमच्याकडं मागणं आहे. त्याच्या कागदावरचा तो 'खोटी माहिती' हा शेरा काढायच्या मागं मी लागले आहे. अर्ज गेला आहे, अपील जाईल, ते माझं काम. समास न सोडल्याची भरपाई म्हणा. तुमचं काम सोपं आहे. वाचून हळहळू नका, मला फोन करून 'फार वाईट वाटलं' सांगू नका. एक कागद घ्या. तुमच्या जिल्ह्यात तुरुंग असेलच. त्याच्या अधीक्षकांना लिहा: 'बंद्याच्या पत्रातलं काही कापलं किंवा पुसलं, तर काय आणि का, हे त्याच पत्रावर लिहून त्याला द्या. आपल्याकडं तसं करतात का, हे मला लेखी कळवा.' एवढंच. विशेषणं घालू नका. खाली स्वतःचं नाव आणि पत्ता लिहा, भिऊ नका. चारही बाजूंनी बोटभर समास सोडा. चारी कोपऱ्यांना हळद लावा. घरात आहे, उठा आणि डब्यातून घ्या.

कोपरा फाडू नका. मावशीनं मना केलं आहे.

आणि पेटीत टाकल्यावर ते आत पडलं का, हे हात घालून बघा.